पुणे वॉरियर्सला हरवलं कुणी?

मध्यंतरी बाळापुरात एका लग्नाला गेलो होतो. पंगत उठली, मांडवातल्या खुर्च्या गोल झाल्या आणि कापसाच्या भावावरून सुरू झालेलं बोलणं नेहमीप्रमाणे क्रिकेटवर आलं. आयपीएलमधला आजवरचा सगळ्यात भिकार संघ कोणता? एका भाच्याने लगेच मोबाईल काढून दिंडाचे विनोद वाचून दाखवले आणि वर ठेवणीतलं वाक्य टाकलं, "पुनेवाले तं हाराले आल्ते मामा, खेयाले नाही!"

सगळे हसले. वाक्य झकास आहे, त्यात वाद नाही. पण ते साफ खोटं आहे, आणि खोटं असून गेली दहा-बारा वर्षं बिनदिक्कत चालतंय, म्हणून हा लिहिण्याचा उद्योग. मांडवात बोललो असतो, पण तिथे डीजे सुरू झाला. (त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.)

आता कुणी म्हणेल, पुण्याचा संघ हरला तर वऱ्हाडातल्या माणसाच्या पोटात का दुखावं? तर मंडळी, अकोला-बाळापूर-खामगाव या पट्ट्यात दर दोन घरांआड एक पोरगा किंवा पोरगी पुण्यात आहे. आधी इंजिनिअरिंगला म्हणून जातात, मग हिंजवडीला चिकटतात. संध्याकाळी ट्रॅव्हल्समध्ये बसायचं आणि सकाळी पुण्यात उतरायचं, हा आमच्याकडचा रोजचा रस्ता. आयपीएलच्या पहिल्या तीन वर्षांत विदर्भाला काही नव्हतंच. डेक्कनवाले २०१० मध्ये जामठ्याला पाहुण्यासारखे येऊन काही सामने खेळून गेले तेवढंच. मुंबईचा संघ होता, पण मुंबई आपल्याला कधी आपली वाटली? त्यामुळे पुण्याला संघ मिळाला तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी तो आपला म्हणून धरला. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळत, इन्व्हर्टरवाल्याच्या घरी गर्दी करून लोकांनी तो संघ पाहिला. म्हणून दुखतं.

तर मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं एका ओळीत सांगायचं तर, पुणे वॉरियर्सचे खेळाडू हरले त्याच्या आधी त्यांचा मालक आणि क्रिकेट बोर्ड या दोघांनी मिळून तो संघ हरवला होता. आणि नुसता हरवला नाही, तर हरण्यातून जे शिकायचं असतं ते शिकायला कुणी मागे उरणारच नाही अशी व्यवस्था केली. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा वाईट वाटते.

आधी हिशेब बघा. मार्च २०१० मध्ये सहारा समूहाने पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे १७०२ कोटी रुपयांना घेतला. दहा वर्षांत फेडायचे, म्हणजे वर्षाला १७० कोटी. तोपर्यंत आयपीएलमध्ये एवढी बोली कुणीच लावली नव्हती. बोली लावताना गृहीत होतं की दहा संघ होतील आणि मोसमात ९४ सामने होतील. २०११ चा मोसम प्रत्यक्षात आला तो ७४ सामन्यांचा. आता तुम्ही किराणा दुकानात ९४ किलो तांदळाचे पैसे दिले आणि पोत्यात ७४ किलो निघाला तर काय कराल? भांडाल. सहाराही भांडला. बोर्ड म्हणालं, करार म्हणजे करार. मग लवाद नेमायचा यावर वाद, लवाद कोण यावर वाद. हे भांडण पुढे तीन वर्षं संघाच्या उशाशी होतं. म्हणजे संघाचा पहिला चेंडू पडायच्या आधीच घरात वाटणीचा दावा लागलेला! अशा घरातलं पोरगं दहावीत नापास झालं तर आपण पोराला हसतो की बापाला विचारतो?

पहिल्या मोसमात कर्णधार युवराज सिंग. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक जिंकलेला, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला युवराज. आठवडाभरात तो निळी जर्सी उतरवून पुण्याची घालून उभा. त्याच्या शरीरात काय वाढतंय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. संघ पुण्याचा, पण गहुंजेचं मैदान तयार नव्हतं म्हणून घर नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. पुण्याचा माणूस आपल्या संघाचा 'घरचा' सामना बघायला एक्स्प्रेस वे उतरून नवी मुंबईला जाणार! पहिले दोन सामने जिंकले, मग ओळीने सात हरले. १४ पैकी ४ विजय, दहा संघांत नववे. नव्या संघासाठी हे काही लाजिरवाणं नाही. आशिष नेहरा जखमी झाला म्हणून लिलावात कुणी न घेतलेला सौरव गांगुली मधूनच येऊन दाखल झाला.

खरी वाट लागली ती २०१२ मध्ये, आणि ती मैदानावर नाही लागली. ४ फेब्रुवारीला बंगळुरूत लिलाव होता. युवराज कॅन्सरच्या उपचारांसाठी अमेरिकेत. पुण्याचं म्हणणं, आमचा १८ लाख डॉलरचा खेळाडू वर्षभर खेळणार नाही, तेवढी रक्कम लिलावात खर्च करू द्या. बोर्ड म्हणालं, नियमात बसत नाही. झालं! लिलावाच्या दिवशी सकाळी सहाराने जाहीर केलं की आम्ही भारतीय संघाचं प्रायोजकत्वही सोडतो आणि पुण्याचा संघही. बाकीचे संघ खेळाडू निवडत होते आणि पुण्याच्या टेबलावर कुणीच नाही. बारा दिवसांनी, १६ फेब्रुवारीला समेट झाला. तोवर लिलाव संपून गेला होता.

इथे मला दोघांचाही राग येतो. सहाराची तक्रार निम्मी बरोबर होती. आजारी खेळाडूच्या बदल्यात दुसरा घेऊ द्यावा ही काही भीक नव्हे. पण लिलावाच्या दिवशीच रुसून बसायचं? शिक्षा कुणाला झाली? बोर्डाला नाही. जे पंधरा-वीस खेळाडू आधीच करारात होते त्यांना झाली. आणि बोर्डाचा ताठा तर विचारूच नका. एकीकडे युवराजच्या आजारपणावर सगळा देश हळहळतोय आणि दुसरीकडे नियमावलीचं पान उघडून दाखवतायत.

या असल्या संघाचं नेतृत्व गांगुलीने घेतलं. एकोणचाळीस वर्षांचा, आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडून साडेतीन वर्षं झालेला. कर्णधारही तोच आणि मार्गदर्शकही तोच. आता गंमत बघा. मोसमाच्या पहिल्याच सामन्यात या संघाने वानखेडेवर मुंबई इंडियन्सला हरवलं. १२९ धावा केल्या होत्या फक्त, आणि २८ धावांनी जिंकले! मग गहुंजेत पंजाबला. मग चेन्नईला, तेव्हाच्या विजेत्यांना. दिल्लीला त्यांच्या घरी. पहिल्या सात सामन्यांत चार विजय. आमच्याकडे पानठेल्यावर लोक गुणतक्ता पाठ म्हणायला लागले होते.

आणि मग ओळीने नऊ पराभव. नऊ! सोळापैकी चार विजय, नऊ संघांत नववे.

क्रिकेटपुरतं बोलायचं तर त्या नऊ पराभवांत दादाचा वाटा होता, हे मी नाकारत नाही. बॅट थकलेली होती. टी-ट्वेंटीत सलामीच्या फलंदाजाने चेंडूमागे धावही काढू नये हे परवडत नाही. संघ रोज बदलत होता, अकरा जणांची घडी बसतच नव्हती. ५ मे ला ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्धचा सामना आठवतो का? निम्मं ईडन दादाच्या नावाने ओरडत होतं. पुणे वॉरियर्सला त्यांच्या अख्ख्या आयुष्यात मिळालेला सगळ्यात मोठा जयघोष बहुधा तोच, आणि तो कोलकात्यात, एका माणसासाठी, पुण्याशी काही संबंध नसलेला. सात धावांनी हरले.

पण मला सांगा, लिलावाला न गेलेला, हक्काचा कर्णधार इस्पितळात असलेला आणि मालक दर दोन महिन्यांनी 'सोडतो' म्हणणारा संघ हरायला लागल्यावर त्याला सावरणार कोण? हरणाऱ्या संघाला एक आधार लागतो, की पुढच्या वर्षीही आपण इथेच आहोत. तेवढा एक आधार असला की माणूस आजचा पराभव लिहून ठेवतो, उद्या कामाला येईल म्हणून. या पोरांना उद्याच नव्हता.

२०१३ ची कथा थोडक्यात. अँजेलो मॅथ्यूजला कर्णधार केलं. मोसम सुरू व्हायच्या आधी ठरलं की तमिळनाडूतल्या वातावरणामुळे श्रीलंकेचे खेळाडू चेन्नईत खेळणार नाहीत. म्हणजे कर्णधारच एका सामन्याला नाही! त्याच्याखेरीज रॉस टेलरने नेतृत्व केलं, मग ॲरन फिंचने. एका मोसमात तीन कर्णधार. आणि तरी चेन्नईत जाऊन चेन्नईला हरवलं, हे कुणी सांगत नाही. सांगतात ती २३ एप्रिलची रात्र. बंगळुरूत ख्रिस गेलने ६६ चेंडूंत नाबाद १७५ मारल्या, शतक ३० चेंडूंत, संघाच्या २६३. भाच्याच्या मोबाईलमधले निम्मे विनोद त्या रात्रीचे आहेत.

त्या रात्रीचा एक आकडा मात्र कुणाच्याच मोबाईलमध्ये नसतो. त्या २६३ धावांत भुवनेश्वर कुमारने चार षटकांत दिल्या २३. हो, तेवीस! कर्णधार फिंचच्या स्वतःच्या एका षटकात २९ गेल्या आणि हा तेवीस वर्षांचा मेरठचा पोरगा चार षटकांत २३ देऊन बाजूला उभा होता. तो काही हाराले आला नव्हता.

इथून पुढचा पुरावा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०१४ मध्ये पुणे वॉरियर्स अस्तित्वातच नव्हते, त्यांचे खेळाडू लिलावात विखुरले गेले होते. त्या वर्षी स्पर्धेत सर्वाधिक धावा कुणाच्या? रॉबिन उथप्पाच्या, ६६०. अंतिम सामन्यात ९४ धावा करून कोलकात्याला विजेतेपद कुणी मिळवून दिलं? मनीष पांडेने. दोघंही तीन वर्षं पुण्याकडून खेळलेले! भुवनेश्वर हैदराबादला गेला, २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोन वर्षं सर्वाधिक बळी घेणारा ठरला, आणि २०१६ ला त्याचा संघ विजेता. पुण्यात मधल्या फळीत कुठेतरी खपून जाणारा स्टीव्ह स्मिथ ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला. म्हणजे माणसं तीच, हात तेच. घर बदललं आणि निकाल बदलले. आता पुन्हा म्हणा, खेळाडू भिकार होते.

बरं, शेवट तरी नीट? २०१३ मध्येही मधे नऊ पराभव झाले, पण शेवटचे दोन्ही सामने पुण्याने जिंकले. आधी कोलकात्याला रांचीत हरवलं, आणि १९ मे ला गहुंजेत दिल्लीला. दोनच दिवसांनी, २१ मे ला, बोर्डाने थकलेल्या फीपोटी बँक गॅरंटी वटवली म्हणून सहाराने आयपीएल सोडली. यावेळी समेट नाही. आणि या बातमीला वर्तमानपत्रात जागा किती मिळाली? पाचच दिवसांपूर्वी श्रीशांतला स्पॉट फिक्सिंगमध्ये अटक झाली होती, सगळी पानं त्यात. ऑक्टोबरमध्ये बोर्डाने रीतसर करार रद्द केला. ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव, एक पावसात. संपलं. २०११ ला कोची, २०१२ ला डेक्कन, २०१३ ला पुणे, तीन वर्षांत तीन संघ बोर्डाने पुसले. इतकं सोपं असतं ते.

गहुंजेच्या मैदानाला सहाराप्रमुखांचं नाव दिलं होतं. ठरलेले पैसे पूर्ण मिळाले नाहीत म्हणून त्याच वर्षी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने ते झाकून टाकलं. आणि हा सगळा थाट चालू असतानाच सेबीचं प्रकरण चालू होतं हे विसरू नका. ३१ ऑगस्ट २०१२ ला, म्हणजे ते नऊ पराभव होऊन तीन-साडेतीन महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाने सहाराच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये व्याजासह परत करायला सांगितलं. देशभरातल्या बाळापूरसारख्याच गावांतल्या लोकांनी थोडे थोडे करून भरलेले पैसे होते ते. सहाराच्या सहकारी सोसायट्यांच्या ठेवीदारांसाठी परताव्याचं पोर्टल सुरू व्हायला जुलै २०२३ उजाडलं. संघाच्या जर्सीवर कुणाचं नाव आहे हे बघून आपण नाचतो, तेव्हा ते नाव मागे काय करतंय हेही कधीतरी बघावं. एवढं मोठं घर कोसळत असताना त्याच्या अंगणात क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी कप आणावा ही अपेक्षा कुणाची होती?

माझा एक आतेभाऊ हिंजवडीला आहे, गहुंजे त्याला जवळ, सामने प्रत्यक्ष बघितलेला माणूस. त्याच्याशी हे बोललो तर तो म्हणतो, "अरे, हा धंदा आहे. दुकान चाललं नाही, बंद झालं. तू कशाला एवढा जीव काढतोस?" हा युक्तिवाद हल्ली फार ऐकू येतो आणि ऐकायला शहाणपणाचा वाटतो. पण दुकान असेल तर मग त्याला पुण्याचं नाव कशाला लावलं? 'वॉरियर्स' नुसतं ठेवा. शहराचं नाव घेतलं की शहरातल्या माणसाकडून तुम्ही एक गोष्ट फुकट घेता, त्याची निष्ठा. तिकिटाचे पैसे वेगळे. ती निष्ठा घेतल्यावर दुकान बंद करताना निदान शहराला विचारायला नको? आतेभावाकडे ती जांभळट-निळी जर्सी अजून आहे कपाटात. मी विचारलं, टाकत का नाहीस? त्यावर तो काही बोलला नाही.

आता विदर्भाकडे येतो, कारण आपण हसतो तेव्हा आपलंच विसरतो. विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं एकदाही अंतिम फेरी नाही. एलिट आणि प्लेट असे गट पडले तेव्हा आपण कित्येक वर्षं प्लेटमध्ये. मुंबई-कर्नाटकवाले विदर्भाशी सामना म्हणजे गुण घरी आले असं समजायचे. तेव्हा विदर्भाला कुणी विकत घेत नव्हतं, हे आपलं नशीब! घेतलं असतं तर तीन वर्षांत पुसून टाकलं असतं. संघ टिकला, म्हणून हरलेल्यांच्या पाठीवर नवे उभे राहिले. फैज फजल २००३ पासून हरण्याची सगळी चव घेतलेला. तोच कर्णधार होता १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला दिल्लीला नऊ गडी राखून हरवून पहिली रणजी जिंकली तेव्हा. चंद्रकांत पंडितांनी शिस्त लावली, वासिम जाफर आला, हे सगळं खरं. पण बाहेरून आलेल्यांना घडवायला काहीतरी हाताशी लागतं ना? ते साठ वर्षं साठलेलं होतं. त्या अंतिम सामन्यात अकोल्याच्या आदित्य ठाकरेने पदार्पण केलं. रणजीची फायनल, आणि पहिलाच प्रथम श्रेणी सामना! त्याच सामन्यात शतक ठोकणारा यष्टिरक्षक अक्षय वाडकर मार्च २०२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली तेव्हा कर्णधार होता. सात वर्षं, तीन चषक, आणि मधल्या वर्षांत जे हरलो त्याचा हिशेब ठेवणारा माणूस तोच.

पुणे वॉरियर्सच्या ३३ पराभवांचा हिशेब कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही. २०१६ ला पुण्याला दुसरा संघ मिळाला, रायझिंग पुणे सुपरजायंट्स, तो तर दोनच वर्षांसाठी, चेन्नई-राजस्थान निलंबित होते म्हणून भरतीला घेतलेला. पहिल्या वर्षी आठात सातवा. धोनीसकट मुख्य माणसं तीच राहिली, कर्णधारपद स्मिथकडे गेलं, आणि दुसऱ्या वर्षी थेट अंतिम सामना, मुंबईकडून एका धावेने पराभव. एक वर्ष! एक वर्ष माणसं एकत्र राहिली तर एवढा फरक पडला. तिसरं वर्ष नव्हतंच. तोही पुसला.

बोर्डाला आता माझ्यासारख्याने काय सांगावं, पण एक मागणी तरी करून ठेवतो. शहराच्या नावाचा संघ विकताना करारातच लिहा की मालक पळाला किंवा पैसे थकले तर संघ मोडायचा नाही. नवा मालक मिळेपर्यंत बोर्डाने आणि त्या शहराच्या असोसिएशनने मिळून तो चालवायचा, खेळाडूंचे करार तसेच ठेवायचे. त्यात बोर्डाला दोन-तीन वर्षं तोटा झाला तर होऊ द्या, त्यांच्याकडे काय कमी आहे? आतेभाऊ म्हणाला, असं कुणी करणार नाही. नसेल करणार. २०१४ चा लिलाव चालू असताना त्या यादीत उथप्पा, पांडे, भुवनेश्वर ही नावं एकामागून एक निघून गेली, आणि पुण्याच्या नावाचं टेबल पुन्हा एकदा तिथे नव्हतं.